कर्ण्यापुढे नेली मेल्बा: शंभर वर्षांपूर्वीचा सोप्रानो आवाज कसा ऐकावा

नेली मेल्बाची 1904 मधली एक तबकडी ऐका आणि लगेच 1926 मधली ऐका. पहिलीत ती 42 वर्षांची आहे, दुसरीत 65 वर्षांची. वयाबरोबर गळा थकतो, म्हणजे पहिली सरस वाटायला हवी. होतं उलटंच. 1904 ची मेल्बा भिंतीपलीकडून गाणाऱ्या शाळकरी पोरीसारखी ऐकू येते. 1926 ची मेल्बा समोर उभी असते, तिचा श्वास कळतो, शब्द कळतात, आवाजाला अंग असतं. हा फरक गळ्यापेक्षा यंत्राचा जास्त आहे. पहिल्या वेळी ती कर्ण्यात गायली, दुसऱ्या वेळी मायक्रोफोनसमोर. कर्ण्याने नेमकं काय गाळलं हे एकदा समजलं की जुन्या तबकड्यांतूनही तिचं गाणं बरंच हाती लागतं. न समजता ऐकलं, तर ‘एवढं काय होतं हिच्यात’ असं म्हणून माणूस ती बंद करतो, आणि ते तिच्यावर अन्याय करणारं आहे.

आधी बाई कोण ते पाहू. मूळ नाव हेलन पोर्टर मिचेल. जन्म 19 मे 1861, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं रिचमंड हे उपनगर. वडील डेव्हिड मिचेल स्कॉटलंडहून आलेले बांधकाम कंत्राटदार. मेलबर्नची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग त्यांनीच उभारली. 1882 मध्ये चार्ल्स आर्मस्ट्राँगशी लग्न, पुढच्या वर्षी मुलगा, आणि क्वीन्सलंडच्या मके भागातल्या पत्र्याच्या घरात पावसाचा आवाज ऐकत काढलेले दिवस. संसार टिकला नाही. 1886 मध्ये ती वडिलांबरोबर लंडनला गेली आणि तिथून पॅरिसला, मातिल्द मार्केझी या शिक्षिकेकडे. वर्षभराच्या आत, 13 ऑक्टोबर 1887 ला, ब्रसेल्सच्या ‘ला मोनै’ नाट्यगृहात ती ‘रिगोलेत्तो’ ऑपेरातली जिल्दा म्हणून उभी राहिली. ‘मेल्बा’ हे नाव तिने आपल्या शहरावरून घेतलं. पुढे लंडनचं कॉव्हेंट गार्डन, पॅरिस, मिलानचं ला स्काला, 1893 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कचं मेट्रोपोलिटन. पीच मेल्बा हा गोड पदार्थ आणि मेल्बा टोस्ट तिच्याच नावाचे. आज ऑस्ट्रेलियाच्या 100 डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

सोप्रानो म्हणजे स्त्रीकंठातली सर्वांत उंच जात. हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर मधल्या सप्तकाच्या पांढरी एकपासून त्याच्या दोन सप्तकं वरच्या पांढरी एकपर्यंतचा पल्ला तिला सहज हवा. मेल्बा त्याच्याही वर जायची. तिची ख्याती मात्र उंचीपेक्षा तीन गोष्टींसाठी होती. सूर लावताना खालून घसरत येणं नाही, पहिल्याच क्षणी तो नेमक्या जागी. खालपासून वरपर्यंत आवाजाचा पोत एकसारखा. आणि ट्रिल, म्हणजे लगतचे दोन स्वर झपाट्याने आलटूनपालटून घेणं, इतकं स्वच्छ की दोन्ही स्वर वेगळे मोजता यावेत. या तीनही गोष्टी कर्ण्यातून वाचल्या. आवाजाची झळाळी वाचली नाही.

कर्णा, काच आणि मेण

1925 च्या आधी ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायिकेच्या फुप्फुसातून निघालेली हवा हीच सगळी ताकद. आवाज पत्र्याच्या शंकूसारख्या कर्ण्यात शिरायचा, अरुंद टोकाकडून रबरी नळीतून साउंडबॉक्समध्ये जायचा. तिथे काचेचा किंवा अभ्रकाचा पातळ पडदा. पडदा थरथरला की त्याला जोडलेली दांडी हलायची आणि दांडीच्या टोकाचं नीलमण्याचं पातं फिरत्या मेणाच्या जाड वडीवर नागमोडी रेघ कापायचं. ती वडी आधी किंचित गरम करून मऊ केलेली असे, कारण थंड मेण कापायला आवाजाचा जोर पुरत नाही. वडी फिरवायला लोंबतं वजन असे: वजन हळूहळू खाली उतरतं, दातेचाकं फिरतात, वेगनियंत्रक गती धरून ठेवतो.

रेघ कापून झाली की त्या मेणावर ग्राफाइटची पूड चोळून विद्युत मुलामा देत आणि धातूचा उलटा साचा काढत. त्यावरून सुलटा साचा, त्यावरून पुन्हा उलटा छाप, आणि त्या छापाखाली गरम लगद्याच्या तबकड्या दाबल्या जात. मेण ऐकून पाहिलं तर रेघ खराब होते, म्हणून मुद्रण चांगलं झालं की नाही हे गायिकेला तिथल्या तिथे कळत नसे. शंका आली तर पुन्हा गा, एवढाच उपाय. चूक कापून जोड देण्याची सोय नव्हती. त्यामुळे या तबकड्यांत जे ऐकू येतं ते एका दमात, सलग गायलेलं आहे. आजच्या कितीतरी मुद्रणांबद्दल असं म्हणता येणार नाही.

या सगळ्या साखळीतून ढोबळमानाने 250 ते 2500 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, एवढाच पट्टा पार पडायचा. निरोगी कान सुमारे 20 ते 20,000 हर्ट्झ ऐकतो. स, श, फ या व्यंजनांची सळसळ बहुतेक 2,500 हर्ट्झच्या वर असते. ती जवळजवळ पूर्ण जाते. म्हणून जुन्या तबकड्यांत शब्द पुसट वाटतात आणि गायिकेचा उच्चार आळशी होता असा चुकीचा ग्रह होतो.

स्त्रीआवाजाचं जास्त नुकसान का

एन्रिको कारुझो या इटालियन गायकाच्या त्याच काळातल्या तबकड्या भरघोस वाटतात, मेल्बाच्या पातळ. याचं कारण साध्या गुणाकारात आहे. कोणताही गायलेला स्वर एकटा नसतो. त्याच्याबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर असतात, आणि आवाजाचा रंग या उपस्वरांनी ठरतो.

पुरुष गायकाचा भक्कम सूर घ्या, मधल्या सप्तकातली पांढरी पाच, सुमारे 392 हर्ट्झ. त्याचे उपस्वर 784, 1176, 1568, 1960, 2352. म्हणजे मूळ स्वर धरून सहा घटक 2500 च्या आत बसले. रंग बऱ्यापैकी शाबूत. सोप्रानो तोच सूर एक सप्तक वर गाते: 784, 1568, 2352. तीनच घटक. ती वरच्या पांढरी एकवर, म्हणजे 1047 हर्ट्झवर गेली की उरले दोन, 1047 आणि 2094. गळा तोच, ताकद तीच, पण यंत्राच्या चाळणीतून सांगाडाच बाहेर येतो. त्या काळच्या तबकड्यांतल्या उंच सुरांना शिट्टीसारखा, ‘पांढरा’ रंग आहे तो असा आलेला.

दुसरा घोळ जोराचा. उंच सुरात सोप्रानोची बहुतेक ऊर्जा मूळ स्वरातच एकवटलेली असते. कर्ण्याला आणि पडद्याला स्वतःच्या आवडीच्या काही कंपनसंख्या असतात. तिथे ते वाजवीपेक्षा जास्त थरथरतात. गायिकेचा सूर नेमका त्या जागी पडला की पातं मेणात इतकं जोरात हेलकावतं की रेघ शेजारच्या रेघेत घुसते किंवा तिच्या कडा फार उभ्या होतात. कानाला ती फाटलेली कर्कश किंकाळी ऐकू येते. आणि कापताना वाचलेली रेघ पुढे घरोघरी मार खाते. ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचं वजन 100 ग्रॅमच्या वर, पोलादी पिन तीव्र वळणावरून सरळ जायला बघते आणि कड तासून काढते. म्हणूनच वापरलेल्या तबकडीवर जिथे जिथे उंच सूर आहे तिथे राखाडी पट्टा दिसतो. प्रकाशात तिरपी धरली तर चरकलेल्या जागा डोळ्यांनी मोजता येतात, विकत घेण्याआधी हे जरूर करावं.

यावर उपाय अंतराचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की पोहोचणारी ऊर्जा चौथाई होते. म्हणून खालचे सूर कर्ण्याच्या तोंडाशी, उंच सुराला मागे सरायचं किंवा मान वळवायची. सरावाची गायिका हे स्वतः करी. नवखीला ध्वनिमुद्रक दंडाला धरून पुढेमागे करत. आपल्याकडे मायक्रोफोनवर गाणारे तारसप्तकात मान मागे घेतात, त्याच जातीची ही हालचाल, फक्त इथे चुकलं तर पूर्ण बाजू वाया.

मेल्बाच्या बाबतीत या गोष्टीचा प्रत्यक्ष पुरावा शिल्लक आहे. 1910 मध्ये लंडनला तिची एक अंतरचाचणी मुद्रित झाली. साथ नाही, वाद्य नाही. ‘हॅम्लेट’ या फ्रेंच ऑपेरातल्या वेडाच्या प्रवेशातल्या ओळी ती कर्ण्यापासून वेगवेगळ्या अंतरांवरून गाते. विक्रीसाठी नव्हती, कारागिरांना अंदाज यावा म्हणून होती. तिच्या सगळ्या तबकड्यांत पहिल्यांदा ऐकावी ती हीच. वाद्यांचा गोंगाट नसल्याने गळा उघडा पडतो, आणि जवळून-लांबून गाताना यंत्र आवाजाचं काय करतं ते अर्ध्या मिनिटात कानाला पटतं. नंतर दुसरी कुठलीही तबकडी लावली तरी कान आपोआप अंतर ओळखू लागतो.

साथीदारांची व्यवस्थाही कर्ण्याच्या तंत्राने चाले. 1904 च्या मार्चमध्ये ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीची माणसं सगळं सामान घेऊन तिच्या लंडनमधल्या घरीच गेली आणि पहिल्या तबकड्या तिथे झाल्या. साथीला मुख्यतः लँडन रोनाल्डचा पियानो. पियानोचा आवाज कर्ण्यात नीट शिरत नसे म्हणून उभा पियानो चौथऱ्यावर चढवत आणि त्याची पाठ काढून ठेवत. तरी तो टिनाच्या डब्यासारखाच येतो. तिथे रोनाल्डचा काही दोष नाही. वाद्यवृंद असेल तर नेहमीच्या व्हायोलिनऐवजी स्ट्रोह व्हायोलिन वापरत, ज्याला लाकडी पोटाऐवजी पडदा आणि ॲल्युमिनियमचा कर्णा असतो. मोठ्या बास व्हायोलिनच्या जागी ट्युबा. ढोल बहुधा गायबच. तेव्हा वाद्यवृंदाच्या साथीत ‘हे काय बँडबाजासारखं’ वाटलं, तर तसं ते खरोखरच होतं.

24 मार्च 1907 ला अमेरिकेत व्हिक्टर कंपनीसाठी तिने आणि कारुझोने ‘ला बोएम’ या ऑपेरातलं युगुलगीत गायलं. दोघं एकाच कर्ण्यापुढे. ज्याचा आवाज यंत्राला मानवतो तो पुढे दिसतो, या न्यायाने तिथे कारुझो भरून राहतो आणि मेल्बा मागे वाटते. नाट्यगृहात तिचा आवाज सर्वांत मागच्या रांगेपर्यंत विनासायास पोहोचत असे. म्हणून तबकडीवरून दोघांच्या आवाजाच्या आकाराची तुलना करू नये, ती यंत्राच्या आवडीनिवडीची तुलना ठरते.

चार मिनिटांची मर्यादा

10 इंची तबकडीत साधारण 3 मिनिटं, 12 इंचीत 4 ते साडेचार. ऑपेरातली गाणी याहून लांब, म्हणून कापाकापी: मधला भाग वगळ, वाद्यांची सुरुवात दोन ओळींवर आण, किंवा सरळ वेग वाढव. एखादं गाणं धावल्यासारखं वाटलं तर तिची घाई समजू नये, मेणाची कड जवळ येत होती.

आणखी एक वैताग. तबकडी बाहेरून आत वाजते. 12 इंचीच्या बाहेरच्या रेघेवर पिनेखालून सेकंदाला सुमारे 1.2 मीटर लांबी सरकते, आतल्या रेघेवर अर्धा मीटरही नाही. म्हणजे तेवढाच सूर आत अर्ध्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. आणि गाण्याचा कळस कुठे असतो? शेवटी. सर्वांत कठीण, सर्वांत उंच सूर सर्वांत वाईट जागी येतो. शेवटचा सूर फाटका आला तर तो गळ्यातून फाटला असं म्हणण्याआधी ही भूमिती आठवावी.

या तबकड्या लाखेच्या. लाख भारतातली, छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलपट्ट्यातल्या झाडांवरची. तिचं प्रमाण मिश्रणात फार नसे, बाकी दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू. पूड मुद्दाम घालत. तिने पोलादी पिन घासून रेघेच्या आकाराची होते. सतत येणारी खरखर याच पुडीची. मेल्बाच्या तबकड्यांना फिकट जांभळं लेबल आणि किंमत 1 गिनी, म्हणजे 21 शिलिंग, एका बाजूची. दुसरी बाजू कोरी.

ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीनेच मेल्बाच्या घरी जाण्याच्या 16 महिने आधी, नोव्हेंबर 1902 मध्ये, कोलकात्यात गौहरजानचं गाणं घेतलं होतं. कर्णा तसाच, मेण तसंच, आणि मेणाचे साचे छापायला जर्मनीत हानोव्हरला जात. गौहरजान शेवटी आपलं नाव सांगते ते तिथल्या कारागिरांना तबकडी कुणाची हे कळावं म्हणून. किराणा घराण्याच्या रसिकांना हा प्रयोग घरबसल्या करता येईल: अब्दुल करीम खाँसाहेबांचं 1905 च्या सुमाराचं कर्ण्यातलं गाणं आणि 1930 च्या दशकातलं मायक्रोफोनवरचं गाणं पाठोपाठ ऐका. गेलेला आणि परत आलेला आवाज म्हणजे काय ते लगेच समजेल.

78 हा आकडा विसरा

सर्वांत मोठी चूक इथे होते. ‘78 ची तबकडी’ असं आपण म्हणतो, पण त्या काळी मिनिटाला 78 फेरे हा नियम पक्का झालेला नव्हता. 70 पासून 82 पर्यंत काहीही सापडतं. कधी एकाच बाजूच्या सुरुवातीला एक वेग आणि शेवटाला दुसरा, कारण वजनावर चालणारं यंत्र.

हिशेब असा. अर्धा सूर म्हणजे वेगात जवळजवळ 6 टक्क्यांचा फरक. 78 च्या आसपास साडेचार फेरे इकडेतिकडे झाले की पट्टी बदलली. जी तबकडी साडेत्र्याहत्तरला मुद्रित झाली ती 78 ला वाजवली, तर पांढरी तीनमधलं गाणं पांढरी चारमध्ये येतं. 4 मिनिटांचं गाणं सुमारे 14 सेकंद आधी संपतं. एवढंच असतं तरी चाललं असतं. पण आ, ई, ऊ या उच्चारांचा आकारही त्याच प्रमाणात वर सरकतो, म्हणजे तोंडाची पोकळी लहान असल्यासारखी ऐकू येते. प्रौढ बाईची पोर होते. आवाजातला नैसर्गिक कंप जलद होऊन थरथर वाटतो. मेल्बाला ‘थंड’, ‘बाहुलीसारखी’ म्हणणाऱ्या कित्येकांनी तिला चुकीच्या वेगात ऐकलेलं आहे.

वेग शोधायचा कसा? रचनेची मूळ पट्टी नोटेशनमध्ये छापलेली असते. ‘रिगोलेत्तो’ मधलं जिल्दाचं ‘कारो नोमे’ मूळ पांढरी तीनमध्ये, ‘ला बोएम’ मधला मिमीचा निरोप काळी एकमध्ये. तबकडी लावा, सुरुवातीचा पियानो किंवा शेवटचा लांब सूर धरा, हार्मोनियम किंवा फोनवरच्या ट्यूनरशी जुळवा आणि तिथे येईपर्यंत वेग बदला. सुरुवात, मध्य आणि शेवट तिन्ही ठिकाणी तपासा. आधारसूर (मधल्या सप्तकातली पांढरी सहा) आजच्या 440 हर्ट्झऐवजी फ्रान्सचा तेव्हाचा 435 असू शकतो. हा फरक 20 सेंटांचा, म्हणजे अर्ध्या सुराच्या पाचव्या हिश्शाचा, तेवढ्याने घाबरू नये.

एक सापळा मात्र आहे. गायिका कधी मुद्दाम अर्धा किंवा पूर्ण सूर खाली गाते. पट्टीवर आंधळा विश्वास ठेवला तर खाली गायलेलं गाणं ओढून वर नेलं जातं. म्हणून कानाचा कौल घ्यावा. दोन्ही वेगांत ऐकून कंप मोजा. पाश्चात्त्य पद्धतीने तयार झालेल्या गळ्यात तो सेकंदाला 6 च्या आसपास असतो. 7 च्या पुढे गेला तर वेग जास्त असण्याची शक्यता मोठी. आणि आ, ई, ऊ यांचा उच्चार माणसासारखा कोणत्या वेगात वाटतो ते पाहा, हा निकष सर्वांत भरवशाचा.

प्रत्यक्ष तबकडी वाजवायची असेल तर एलपीची सुई नको. तिचं टोक 18 ते 25 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), रेघेच्या तळाशी जाऊन नुसता कचरा चाळते. 78 साठी सुमारे 75 मायक्रॉनची हवी. पूर्वीच्या रुंद रेघांना याहून जाडही लागते, आणि जाड टोक पिनेने चरकलेल्या जागेच्या वर टेकलं तर आवाज अनपेक्षित स्वच्छ येतो. भार 3 ते 5 ग्रॅम. दोन्ही चॅनेल जोडून मोनो करा, कारण इथे आवाज फक्त आडव्या हालचालीत आहे. उभ्या हालचालीत निव्वळ खरखर, ती मोनो केल्यावर बरीचशी कटते. फोनो ॲम्प्लिफायरमधली नेहमीची आरआयएए जुळणी, म्हणजे खर्ज आणि तार यांचा ठरावीक समतोल, एलपीसाठी आहे. ती खर्ज फुगवते आणि 10,000 हर्ट्झला जवळपास 14 डेसिबल कापते. कर्ण्याच्या तबकडीला कोणतीच जुळणी नसते, ती सपाट वाजवावी. 1926 च्या विजेच्या मुद्रणाला 250 हर्ट्झच्या खाली खर्ज वाढवावा लागतो, वरचा भाग तसाच.

धुताना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख त्यात विरघळते आणि तबकडी कायमची जाते. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ कुंचला, रेघेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून. उभ्या ठेवा, तिरक्या नाहीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात खिडकीशी ठेवलेली तबकडी वाकते आणि कोकणच्या पावसाळ्यात कागदी पाकिटाची बुरशी तिच्यावर चढते. जुनी पाकिटं बदललीच पाहिजेत.

संगणकावरच्या प्रती ऐकणाऱ्यांना एकच विनंती. खरखर पूर्ण पुसलेली प्रत निवडू नका. खरखर ज्या पट्ट्यात असते तिथेच उंच उपस्वरांचे उरलेसुरले कण असतात. सफाईत तेही जातात आणि आवाज कापडात गुंडाळल्यासारखा होतो. थोडी खरखर राहू द्या. दहा मिनिटांत कान तिची दखल घेणं सोडतो.

कर्ण्याबाहेरची मेल्बा

कर्ण्यापुढे न उभी राहतानाही ती काही वेळा पकडली गेली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनमधल्या लायनल मेपलसन या ग्रंथपालाने 1901 पासून चालू प्रयोगाच्या वेळी एडिसनच्या यंत्रावर मेणाच्या नळ्या भरल्या, प्रत्येकी सुमारे दोन मिनिटांच्या. आज त्या न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत. त्यातल्या एकीत 1901 ची मेल्बा ‘ले ह्यूग्नो’ मधली राणी गाते. गोंगाट भयंकर, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. पण तिथे ती यंत्रासाठी मागे-पुढे सरत नाही, चार मिनिटांची भीती नाही, समोर भरलेलं प्रेक्षागृह आहे. त्या धुरळ्यातून येणाऱ्या तानांचा वेग आणि बेदरकारपणा तिच्या कुठल्याही विकाऊ तबकडीत नाही. ट्रिलच्या जागी कान टवकारून बसावं.

15 जून 1920 ला ती इंग्लंडमध्ये चेम्सफर्डच्या मार्कोनी कारखान्यातून रेडिओवर गायली. टेलिफोनच्या तोंडाला लाकडी कर्णा जोडून केलेला तो मायक्रोफोन होता. ‘होम, स्वीट होम’ आणि मिमीचा निरोप युरोपभर ऐकला गेला. एखाद्या नावाजलेल्या गायिकेने जाहीर प्रक्षेपणात गावं ही गोष्ट तेव्हा नवी होती. त्याआधीच्या युद्धकाळात धर्मादाय मैफली करून तिने मोठा निधी उभा केला होता. 1918 मध्ये ‘डेम’ हा किताब मिळाला तो त्यासाठी.

मग 8 जून 1926, कॉव्हेंट गार्डनमधला निरोपाचा प्रयोग. विजेचं मुद्रण व्यवहारात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. नाट्यगृहात मायक्रोफोन लावले आणि आवाज तारेवरून दुसऱ्या इमारतीतल्या मुद्रणयंत्राकडे पाठवला. वरची मर्यादा आता 5,000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्याच उंच पांढरी एकचे दोनऐवजी चार घटक. ‘ओथेल्लो’ मधलं विलोच्या झाडाचं गाणं आणि त्यामागची प्रार्थना, ‘ला बोएम’ मधला निरोप. वय दिसतंच: श्वास आखूड झालाय, मधल्या पट्ट्यात एखादा सूर कोरडा पडतो, लांब ओळ ती पूर्वीपेक्षा आधी तोडते. पण सूर लागतो तो नेमका मध्यावर, खालून सरकत नाही, आणि आवाज एका पट्टीतून दुसरीत जाताना सांधा कळत नाही. मार्केझीचा नियम होता की छातीचा आवाज मधल्या पांढरी चारच्या वर ओढायचा नाही. 40 वर्षांनंतरही तो नियम पाळलेला ऐकू येतो, आणि गळा इतका टिकला त्याला हे एक मोठं कारण मानायला हरकत नाही.

आता 1904 कडे परत जा, वेग जुळवून. पातळ आवाजामागे हाच गळा 22 वर्षांनी तरुण आहे हे ठाऊक असलं की कान गाळलेले उपस्वर स्वतःहून भरू लागतो. हे नुसते मनाचे खेळ नाहीत: टेलिफोनवर साधारण 300 हर्ट्झच्या खालचा भाग गाळला जातो, तरी आपण ओळखीचा आवाज लगेच ओळखतो, कारण पूर्ण आवाज आधी ऐकलेला असतो. म्हणून क्रम उलटा ठेवावा. आधी 1926, मग 1910 ची अंतरचाचणी, मग 1904.

डिसेंबर 1926 मध्ये ती लंडनला शेवटची मायक्रोफोनसमोर गायली, पियानोच्या साथीवर, लहान सभागृहात. त्यात शुल्त्स या संगीतकाराच्या ‘क्लेर द ल्यून’ ची तबकडी आहे. नाट्यगृहाची गूंज नाही, प्रेक्षक नाहीत, जोर लावण्याची गरज नाही. 23 फेब्रुवारी 1931 ला ती सिडनीत वारली. निरोपाच्या रात्रीच्या तबकड्यांत गाण्यानंतरचं तिचं छोटं भाषणही आहे, त्यात बोलताना तिचा आवाज भरून येतो. वेग जुळवायला तेही उपयोगी पडतं: 65 वर्षांची बाई बोलताना 65 ची वाटेपर्यंत तबकडी हळू करा, आणि तिथेच काटा ठेवून गाणं लावा.